युनिफॉर्मचा नंबर बरोबर, तरी अंगात बसत नाही? या क्रमाने तपासा

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं शिलाई आणि अल्टरचं दुकान आहे. गेल्या सोळा वर्षांत कारखान्यांचे शर्ट, पँटी आणि बॉयलर सूट (शर्ट-पँट एकत्र शिवलेला कपडा) मी शिवले त्याहून जास्त उसवले आहेत. कुठल्याही कंपनीत नवा युनिफॉर्म वाटला की आठवड्याभरात दुकानात तीच तक्रार येते: "ताई, नंबर तं बरोबरच लिहून देल्ला होता, पण हे बसत नाही." मग एक नंबर मोठा मागवला जातो. तो कमरेत ढगळ होतो आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे राहतं.

हे दुखणं शोधायचा एक क्रम आहे. पहिल्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, नंतरच्या एकीला टेप आणि दुसरीला एक धुणं लागतं. त्यापुढे शिंप्याचं काम सुरू होतं. काही कपड्यांना मात्र शिंप्यानेही हात लावायचा नसतो, ते शेवटी सांगते.

लक्षणं

"बसत नाही" एवढंच सांगितलं तर कुणालाच काही कळत नाही. नेमकं काय होतंय ते आधी पाहा.

– हात वर केला की शर्ट पँटीतून बाहेर येतो आणि बाही मनगटावरून कोपराकडे सरकते.
– पुढे वाकलं की पाठ ताणते, समोर दोन बटणांच्या मधे फट पडते.
– उकिडवं बसलं की पँट मागून खाली येते किंवा आसनात, म्हणजे दोन पायांच्या मधे, कापते. शिवण दर वेळी तिथेच जाते.
– पहिल्या दिवशी नीट होतं, तीन-चार धुण्यांनंतर पँट घोट्याच्या वर गेली.
– एकाच नंबरचे दोन जोड मिळाले, एक बसतो, दुसरा धरतो.
– खांदा दंडावर उतरलेला, बाही पंजावर आलेली, आणि तोच शर्ट खाली सीटवर (कुल्ल्यांवर) घट्ट. ही तक्रार बहुतेक वेळा बायकांची असते.

१. आधी कपडा घालून काम करून पाहा

आरशासमोर सरळ उभं राहून कामाचा कपडा तपासता येत नाही. सरळ उभ्या माणसाला जवळपास सगळेच नंबर बसतात. आत रोजची बनियन घाला, पायात कामाचे बूट घाला, पट्टा लावा आणि मग चार गोष्टी करा: दोन्ही हात डोक्यावर न्या, दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारल्यासारखं करा, पूर्ण उकिडवे बसा, आणि स्टुलावर एक पाय ठेवून वर चढा. कुठे ओढ बसते ते बोटाने दाबून ठेवा. ती जागा लक्षात राहिली की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

पँटीचं एक वेगळं पाहा. कामाच्या बहुतेक पँटी कमरेवर, म्हणजे बेंबीच्या थोडं खाली घालायच्या हिशेबाने कापलेल्या असतात. आता सवय जीनची. पोरं तीच पँट चार बोटं खाली, कुल्ल्यावर घालतात. मग आसन खाली लोंबतं आणि पाय उचलला की मांड्यांच्या मधली शिवण ताणते. असे कित्येक जण आसन फाटलं म्हणून माझ्याकडे आले आणि पँट नुसती वर ओढून पट्टा घट्ट केल्यावर त्यांना उकिडवं बसता आलं. या दुरुस्तीला एक पैसा लागत नाही, म्हणून ती पहिली.

२. त्याच नंबरचा दुसरा नग घालून पाहा

स्टोअरमधून त्याच नंबरचा दुसरा शर्ट मागा. मोठ्या ऑर्डरीत कापडाचे कितीतरी थर एकावर एक रचून एकदम कापतात. सुरी थोडी तिरकी गेली किंवा थर सरकला की वरचा आणि खालचा तुकडा सारखा राहत नाही. त्यात शिवताना कुणी अर्धा इंच दाबतो, कुणी पाव. छातीच्या घेरात अर्ध्या इंचाचा फरक तर चांगल्या मालातही चालतो. दोन नगांत त्याहून जास्त फरक दिसला, तर दोष तुमच्या अंगाचा नाही, त्या एका नगाचा आहे. तो अल्टर न करता बदलून घ्या. एकदा उसवलेला कपडा पुरवठादार परत घेत नाही, हे मी गिऱ्हाइकाला टाका घालण्याआधीच सांगते.

३. लेबल वाचा, आणि ४० म्हणजे कशाचे ४० ते विचारा

नागपुरात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गांधीबागेच्या बाजारात ऑफिसचा रेडिमेड शर्ट घेतला आणि त्यावर ४० लिहिलं असेल, तर तो बहुतेक वेळा कॉलरचा नंबर असतो, सेंटिमीटरमध्ये. कामाच्या शर्टावर किंवा जॅकेटवर ४० लिहिलं असेल, तर ती छाती असते, इंचांत. युरोपच्या मापाचं जॅकेट असेल तर त्याच माणसाला ५० लागतो, कारण तिथे छातीच्या सेंटिमीटरचा अर्धा आकडा लिहितात: छाती १०० सेंटिमीटर, नंबर ५०. चिनी मालावर १७५/९२ए असं काही दिसलं, तर १७५ ही उंची, ९२ ही छाती, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, आणि पुढचं अक्षर छाती-कमरेतल्या फरकाचं.

कॉलरचे ४० आणि छातीचे ४० मधल्या बांध्याच्या माणसाला जवळजवळ सारखेच पडतात, म्हणून चूक वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. ज्याची मान बारीक आणि छाती रुंद आहे, तो बरोबर फसतो. त्याने फॉर्मवर घरच्या शर्टाचा नंबर लिहिलेला असतो, आणि पुरवठादाराने तो छाती म्हणून वाचलेला असतो.

एस, एम, एल या अक्षरांचा तर काही भरवसाच नाही. एकाचा एल दुसऱ्याच्या एमएवढा निघतो. अक्षर दिसलं की पुरवठादाराकडे मापाचा तक्ता मागा, आणि एकच प्रश्न विचारा: तक्त्यातली छाती माणसाची आहे की कपड्याची? शर्टाची छाती ४४ असेल तर तो ३८ ते ४० छातीच्या माणसाचा शर्ट आहे. हे उलटं समजलं की सगळी ऑर्डर दोन नंबरांनी चुकते. एका कारखान्याच्या अख्ख्या लॉटला असंच झालेलं मी पाहिलं आहे. माल चांगला होता, शिलाई चांगली होती, तक्ता तेवढा उलटा वाचला होता.

आणि स्वतःचा नंबर किती जुना आहे तेही आठवा. नोकरीला लागताना लिहिलेली ३० कमर दहा वर्षांनी तशीच राहत नाही.

४. टेप लावा, पण अंगाला नाही

टेप वीस-तीस रुपयांत येतो. तो आधी स्टीलच्या पट्टीवर ठेवून तपासा. स्वस्तातला टेप वापरून वापरून लांबतो, माझ्याकडचाच एक ६० इंचांत पाऊण इंच वाढलेला निघाला होता. तसल्या टेपाने घेतलेलं प्रत्येक माप कमी येतं आणि कपडा घट्ट होतो.

घरचं कुणी अंगाचं माप घेऊ लागलं की माणूस श्वास धरतो, पोट आत ओढतो. त्यापेक्षा तुम्हाला कामात नीट बसणारा एक जुना शर्ट आणि एक जुनी पँट काढा. फरशीवर सपाट पसरा, हाताने सुरकुत्या काढा आणि मोजा. नंतर नवा कपडा त्याच्या शेजारी तसाच पसरून मोजा. शर्टाची छाती एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत घेऊन दुप्पट करा. मग खांदा, बाही, पाठीची रुंदी. पँटीची कमर, सीट, मांडी, आतली लांबी, आणि आसन पुढून व मागून वेगवेगळं. दोन कपड्यांतला जो आकडा सगळ्यात जास्त वेगळा निघेल, तिथेच तुमचा दोष आहे.

कामाच्या शर्टाला मी छातीवर अंगापेक्षा ५ ते ६ इंच जास्त ठेवते, पँटीच्या सीटला ३ ते ४. ऑफिसच्या शर्टाला एवढं लागत नाही. पण इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली अंगाला चिकटलेल्या कपड्यात आठ तास काढायचे असतात. आत हवा खेळायला जागा हवी. घट्ट बाहीचा माणूस दुपारी बाह्या वर करतो, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या बरोबर उघड्या हातावर येतात. सेफ्टीवाले त्याला रागावतात, पण त्याची बाही पाहायला हवी.

आसन पाहायचं असेल तर कडक खुर्चीवर ताठ बसा आणि बाजूने कमरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत माप घ्या. पँटीचं आसन त्याहून इंचभर तरी जास्त हवं.

५. एक जोड धुऊन बघा

दोष धुतल्यावर सुरू झाला असेल तर नंबर बदलून काही होत नाही, कापड तपासायला हवं. नव्या पँटीच्या मागच्या बाजूला उभ्या धाग्याच्या दिशेने बरोबर ५० सेंटिमीटरवर दोन टाके घाला, रंगीत दोऱ्याचे. आडव्या दिशेने जागा मिळेल तेवढं, समजा २५ सेंटिमीटर. घरी रोज जसं धुता तसं धुवा, गच्चीवर वाळवा, पसरून परत मोजा. ५० चे ४९ झाले तर २ टक्के, ४८.५ झाले तर ३ टक्के, ४७.५ झाले तर ५ टक्के. ३१ इंच लांबीची पँट ५ टक्क्यांनी आटली की दीड इंच गेली, म्हणजे घोटा उघडा पडला.

आटतं ते मुख्यतः सुती. मागावर आणि पुढच्या प्रक्रियेत कापड लांबीच्या दिशेने ओढलेलं असतं. पाणी मिळालं की सूत फुगतं आणि ओढलेलं कापड मागे येतं. म्हणून बहुतेक वेळा रुंदीपेक्षा लांबी जास्त जाते. कारखान्यातच कापड आधी दाबून आटवून घ्यायची रीत सॅनफर्ड क्लुएट यांनी काढली, १९३० मध्ये तिचं पेटंट झालं, आणि त्यांच्याच नावावरून आपण सॅनफराइज्ड म्हणतो. असं कापड नंतर फार तर टक्काभर आटतं. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असल्यामुळे ते सुतीपेक्षा बरंच कमी आटतं. संरक्षक कपड्यांच्या आयएसओ १३६८८ या मानकात विणलेल्या कापडासाठी ३ टक्क्यांची मर्यादा आहे. साध्या युनिफॉर्मचा करार करतानाही हा आकडा लिहून घ्यायला हरकत नाही.

माझ्या सासूबाई एम्प्रेस मिलचं कोरं कापड आणलं की रात्रभर बादलीत भिजवून मगच शिंप्याकडे द्यायच्या. कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे तेव्हा घरोघरी माहीत होतं. आता शिवलेला माल थेट येतो आणि ते भिजवणं राहून जातं. पाचशे जोडांची ऑर्डर पक्की करण्याआधी नमुन्याचा एक जोड तीनदा धुऊन मोजा. एवढं केलं असतं तर माझ्याकडे पँटी लांब करायला आलेल्या किती जणांचे पैसे वाचले असते!

तिसऱ्या धुण्यानंतर आटणं साधारण थांबतं. त्यामुळे लांबी वाढवायची असेल तर तीन धुण्यांनंतरच या, आणि खालच्या दुमडीत माया, म्हणजे आत दाबलेलं जास्तीचं कापड, किती आहे ते आधी बघा. इंचभर माया असेल तर पँट वाचते.

६. मुंढा: मोठा नंबर घेऊनही जो दोष जात नाही

हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण इथे लोक चुकीच्या दिशेने पैसे घालवतात.

एक वेल्डरदादा माझ्याकडे सलग तीन वर्षं आले. पहिल्या वर्षी ४० नंबर, मग ४२, मग ४४. दर वेळी डाव्या बगलेखाली तीच दोन इंच शिवण उसवलेली, दोऱ्याची टोकं बाहेर, आणि भोवती घामाच्या मिठाचा पांढरा गोल. "आता तं तंबू झाला ताई, तरी हात वर केला का फाटते." मी टेप लावला. तीनही शर्टांत मुंढा, म्हणजे बाही जिथे धडाला जोडतात तो गोल, नंबराबरोबर खाली खाली गेला होता.

एक प्रयोग करा. अंगातल्या शर्टाचं डाव्या बगलेखालचं कापड उजव्या हाताने कमरेकडे ओढून धरा आणि डावा हात वर करायला बघा. हात अडतो. मुंढा खाली असला की कपडा तुमच्याशी दिवसभर हेच करतो. बाही बगलेपासून जितकी खाली जोडलेली, तितका हात वर करताना अख्खा शर्ट सोबत उचलावा लागतो. मुंढा बगलेच्या जवळ असेल तर बाही एकटी वर जाते आणि धड जागेवर राहतं. नंबर वाढवला की छाती वाढते, खांदा वाढतो, आणि मुंढा आणखी खाली जातो. म्हणून हात वर होत नसेल तेव्हा मोठा नंबर घेतल्याने दुखणं वाढतं.

यावर उपाय बगलेत कळी टाकण्याचा. जुन्या सदऱ्यांच्या बगलेत चौकोनी कळी असायची ती याचसाठी. बगलेखालची शिवण उसवून, बाही आणि धड जिथे मिळतात तिथे त्याच कापडाचा ३ ते ४ इंचांचा चौकोन तिरपा बसवायचा आणि दुहेरी शिलाई मारायची. कापड कुठून आणायचं? शर्टाच्या खालच्या घेरातून किंवा आतल्या खिशातून निघतं. त्या दादांच्या ४० नंबराच्याच शर्टाला मी कळ्या टाकल्या आणि तो पुढे दोन वर्षं चालला.

पाठ ताणत असेल तर योकखाली (खांद्यामागच्या आडव्या पट्टीखाली) दोन्ही बाजूंना चुण्या आहेत का पाहा. नसतील तर शिवलेल्या शर्टात नंतर टाकता येत नाहीत. पुढच्या ऑर्डरीत मागून घ्या.

हे सगळं कामाचे कपडे हाताळलेल्या शिंप्याकडेच न्या. आसन आणि मुंढ्याला एकेरी शिलाई मारून देणारा असेल तर घाई करू नका. ती महिन्याभरात परत जाते.

७. बायकांना पुरुषांचा एस देऊ नका

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत आता बायका पॅकिंगपुरत्या नाहीत, मशिनवरही आहेत. युनिफॉर्म मात्र पुरुषांचाच, लहान नंबरचा. तो कापलेला असतो रुंद खांद्यावर आणि अरुंद सीटवर. बाईचा खांदा आत, सीट बाहेर. खांद्याच्या नंबराने घेतला तर खालची बटणं लागत नाहीत, सीटच्या नंबराने घेतला तर बाही बोटांवर येते. मग बाही दोनदा दुमडून सेफ्टीपिन लावतात. फिरत्या यंत्राजवळ लोंबती दुमड फार धोक्याची असते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राची तपासणी किंवा वंगण करणाऱ्या कामगाराला अंगाबरोबर बसणारा कपडा हवा आणि तो मालकाने पुरवायचा, असं स्पष्ट लिहिलं होतं ते याच कारणाने.

तात्पुरतं करायचं असेल तर सीटला बसणारा शर्ट घ्या, दोन्ही बाजूंना खालून ४ इंच चीर ठेवा आणि बाही कफाकडून कमी करा. खांदा आत घेणं म्हणजे बाही पूर्ण उसवणं. त्याची मजुरी शर्टाच्या किमतीजवळ जाते, म्हणून मी स्वतःच नको म्हणते. खरा उपाय कंपनीने बायकांच्या वेगळ्या पॅटर्नचा माल मागवण्याचा आहे. भारतीय अंगांचा स्वतंत्र तक्ता असावा म्हणून निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने देशातल्या सहा शहरांत २५,००० लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायचं काम हाती घेतलं, त्यात बायका-पुरुष दोघंही. तोवर आपल्या दहा-बारा जणींची मापं एका कागदावर लिहून पर्चेसला दिली तरी ऐकलं जातं. दोन ठिकाणी ऐकलेलं मी पाहिलं आहे.

८. बॉयलर सूट: एकच माप महत्त्वाचं

यात छातीपेक्षा धडाचा फेरा बघा. खांद्याच्या मधून टेप समोरून खाली न्या, दोन पायांमधून काढा आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणा. कपड्याचा फेरा अंगाच्या फेऱ्यापेक्षा निदान ४ इंच जास्त हवा. कमी असेल तर वाकताना आसन कापतं आणि खांदे दुखतात. कमरेत पट्टी टाकून वाढवता येतो, पण आतले खिसे, झिप, इलॅस्टिक सगळं उसवावं लागतं. लांब धडाचा नंबर बदलून घेणं स्वस्त पडतं.

इथे थांबा

खालचे कपडे मी दुकानात घेत नाही. तुम्हीही घरी किंवा कुठल्या शिंप्याकडे देऊ नका, सेफ्टी ऑफिसरकडे परत करा.

आगीपासून वाचवणारे, लेबलवर आयएसओ ११६१२ किंवा वेल्डिंगसाठी ११६११ असलेले. साधा पॉलिएस्टरचा दोरा उष्णतेत वितळतो आणि बरोबर जिथे शिवलं तिथे कपडा उघडतो. त्याला अरामिडचा, म्हणजे उष्णतेत न वितळणारा दोरा लागतो, आणि दुरुस्ती बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणेच व्हायला हवी.

चमकत्या पट्ट्यांचे, आयएसओ २०४७१ चे. दुसऱ्या वर्गाच्या (क्लास २) कपड्याला ०.५० चौरस मीटर चमकदार कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते. लांबी कापली किंवा बाजू आत घेतली की हा हिशेब मोडतो, आणि रात्री ट्रकवाल्याला माणूस उशिरा दिसतो.

अँटिस्टॅटिक, म्हणजे अंगावर स्थिर वीज साचू न देणारे. यातले वीज वाहून नेणारे धागे शिवणीत तुटले तर बाहेरून काही कळत नाही.

आणि एकाच लॉटमधल्या दहा जणांची एकच तक्रार असेल तर एकही नग उसवू नका. तो मापाच्या तक्त्याचा किंवा कापडाचा दोष आहे, पुरवठादाराने सोडवायचा. त्याला "बसत नाही" असं लिहू नका. नंबर, लेबलवरचं माप, टेपवरचं माप, किती धुणी झाली आणि किती आटलं, एवढं लिहा. अशा कागदावर माल बदलून मिळतो.

शिंप्याकडे येताना दोन कपडे आणा: न बसणारा नवा आणि बसणारा जुना. दोन्ही धुतलेले.